चढताना दुखतं की उतरताना?

आमची बिल्डिंग नौपाड्यातली, जुनी, बिनलिफ्टची, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना धाप लागायची तेव्हा मी वजनाला दोष देऊन मोकळी व्हायचे. गेल्या श्रावणात मात्र लक्षात आलं, की गुडघा दुखतो म्हणून मी उतरताना कठडा धरतेय आणि उजवा पाय आधी खाली टेकवून डावा मागून आणतेय, लहान मुलं उतरतात तशी.

मग घरगुती निदानं सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, पावसाळी हवेचा वात आहे. निरगुडीचा पाला शेकून झाला. शेजारच्या काकूंनी कॅल्शियम सुचवलं. मी स्वतः हुशारी केली ती एका लॅबमध्ये ‘सांध्यांचं पॅकेज’ करून घेण्याची. युरिक अ‍ॅसिड, आमवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर, सगळं नॉर्मल! रिपोर्ट हातात घेऊन मी आनंदानं घरी आले, वाटेत जांभळी नाक्याला भाजीही घेतली. गुडघा दुखतच होता, पण आता तो माझ्या मनाचा खेळ ठरला होता. झिजेचा संधिवात रक्तात दिसत नाही, ही साधी गोष्ट तिथे कुणी सांगितली नाही.

शेवटी मंगळागौरीला फजिती झाली. जेवणाची पंगत मांडी घालून, आणि उठताना दोन्ही हात टेकून ‘अगं आई गं’. लोकलमध्येही तेच. फास्टमध्ये ठाण्यापर्यंत बसायला मिळालं की माणूस खूश होतो. मला मुलुंड गेलं की उठायची धास्ती. पहिली चार पावलं पाय लाकडाचा, मग हळूहळू सुटायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, ‘चढताना जास्त दुखतं की उतरताना? सकाळी किती वेळ आखडलेलं असतं?’ मी म्हटलं, बराच वेळ. ‘बराच म्हणजे? मोजून सांगा.’ आठवडाभर मोजलं. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवल्यापासून उतू जायच्या बेतात येईपर्यंत, दहा-बारा मिनिटं. अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि वापरलं की दुखतं, बसलं की थांबतं, तर बहुधा झीज. तासभर आखडलेलं राहिलं, हातांचे सांधे गरम होऊन सुजले, तर आमवाताची शंका घ्यायची, असं त्यांनी समजावलं. पण नुसत्या नॉर्मल आरए फॅक्टरवर आमवात नाही असंही म्हणता येत नाही, हे त्यांनी वर सांगितलंच.

मग त्यांनी माझाच तळवा माझ्या गुडघ्यावर ठेवायला लावला आणि पाय वाकवला. आत करकर. ओट्यावर सांडलेल्या रव्यावरून लाटणं फिरवावं तशी, कानांपेक्षा हाताला जास्त कळणारी. नुसता आवाज होऊन दुखत नसेल तर घाबरू नका, म्हणाले. त्यानंतर माझी बोटं धरली. नखालगतच्या सांध्यांवर दोन्ही बाजूंना बारीक टणक गाठी. मला त्या भांडी घासून आल्या असं वाटत होतं. आईच्या बोटांनाही अगदी अशाच होत्या; सुई ओवताना ती बोटं वाकडी धरायची ते एकदम आठवलं. या गाठी घराण्यात चालतात म्हणे.

एक्स-रेचीही एक गंमत. आधीच्या ठिकाणी मला झोपवून काढला होता. यांनी उभं राहून काढायला परत पाठवलं, कारण अंगाचं वजन पडल्याशिवाय सांध्यातली फट खरी किती उरलीय ते कळत नाही. आतल्या बाजूची फट कमी झालेली, हाडांच्या कडा थोड्या वाढलेल्या. ग्रेड 2. सगळ्यात जास्त झीज म्हणजे ग्रेड 4. पण फिल्मवर झीज भरपूर आणि दुखणं नावाला, असेही लोक असतात, आणि याच्या उलटही. ऑपरेशनचं नाव त्यांनी काढलं नाही.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीच्या स्नायूनं दाबायची, हा व्यायाम रोज. वजन तीन किलोनं उतरलंय, अजून उतरवायचंय. गुडघा लाल होऊन तापला किंवा सोबत ताप आला, तर मात्र त्याच दिवशी या, अशी तंबी आहे.

यंदा गणपतीत मोदक डायनिंग टेबलवर वळले. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. ऋषिपंचमीला बघते तर खुर्ची त्यांनीच पटकावलेली.