कीर्द शाबूत होती

ऑक्टोबरातली संध्याकाळ, सोयाबीनची आवक भरात. सव्वासातला मुनीमकाकांचा फोन आला. "ताई, पट्टी निघंना गेलीय. पाच-सहा जण बसलेत समोर. त्यायला औशाकडं जायचंय, शेवटची गाडी चुकंल."

लातूरच्या मार्केट यार्डातल्या अकरा आडत दुकानांचा हिशेब आमच्या एका सर्व्हरवर चालतो. काट्यावर माप झालं की पावती होते, मुनीम ती संगणकात चढवतात आणि हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याला मिळायची रक्कम पट्टीवर छापून येते. ती पट्टी थांबली म्हणजे पैसे थांबले.

मी लॅपटॉप उघडून लॉगिन करेपर्यंत पुन्हा फोन. "निघाली ताई. चालू झालं आपोआप." त्यांचं काम झालं होतं, मला मात्र चैन पडेना. जे आपोआप चालू झालं ते आधी बंद का पडलं, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदीत, कामाच्या दोन ओळी सापडल्या. एक कर्नलची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्याची: "एमसीई: किलिंग पोस्टग्रेस", पुढं प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा, नंबर आणि कारण, हार्डवेअर मेमरी करप्शन. दुसरी आमच्या डेटाबेसची, पोस्टग्रेसची: अमुक प्रोसेस सिग्नल ७ नं संपली, बस एरर. मग मेमइन्फो, म्हणजे मेमरीच्या स्थितीचा तक्ता, उघडलं. त्यात 'हार्डवेअर करप्टेड' अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढं शून्य बघायची माझ्या डोळ्यांना सवय. त्या दिवशी तिथं ४ केबी होतं. म्हणजे मेमरीचं एक पान.

६४ जीबी मेमरीची ४ केबीच्या मापानं १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पानं होतात. त्यातलं एक नासलं. कर्नलनं ते कुणाला वाचू दिलं नाही, वाचायला गेलेली प्रोसेस जागच्या जागी संपवली आणि बाकीचा सर्व्हर चालू ठेवला.

हे मला इतकं मोलाचं का वाटतं, ते एका पट्टीवरून सांगते. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या दरानं दहा क्विंटलचे ४८,९२० होतात. पूर्णांक म्हणून मेमरीत ठेवली तर ही रक्कम शून्य-एकच्या, म्हणजे बिटांच्या, रांगेत बसते. त्या रांगेत एक जागा ३२,७६८ ची आहे. तिथल्या एकाचा शून्य झाला, बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं, तर उरतात १६,१५२. प्रोग्रॅमला यात काहीच वावगं दिसणार नाही. पट्टी स्वच्छ छापून येईल, खाली बेरीजही जुळेल. मशीन बंद पडलं तर मी रात्रभर बसून चालू करीन. पण असा आकडा छापून गेला तर तो मला कधी कळणारही नाही, आणि ज्याचे पैसे गेले तो माणूस "मशीननंच काढलंय" म्हणून गप्प बसेल. मी शेतकऱ्याच्याच घरातली आहे. आमच्या दादांनी अशा पट्ट्या घडी करून वर्षानुवर्षं पत्र्याच्या पेटीत जपल्या.

म्हणून सर्व्हर घेताना ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका ओळखणाऱ्या, मेमरीवर मी अडून बसले होते. तिच्यात दर ६४ बिटांमागं ८ बिटं जादाची असतात. एक बिट फिरलं तर ते कुठलं, हे त्या आठांवरून ओळखून जागेवरच सरळ केलं जातं. दोन फिरली तर बिघाड झालाय एवढं समजतं, पण दुरुस्ती होत नाही. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्समध्ये घातला, त्यांचा निबंध १९५० चा. शनिवार-रविवारी ते मशीनला काम लावून जात आणि चूक सापडली की मशीन ते काम सोडून पुढच्याला लागे. चूक झालीय हे मशीनला ओळखता येतं, तर ती कुठं झालीय हे का सापडू नये, या चिडीतून ते काम उभं राहिलं.

ऑक्टोबरातला हा प्रकार अचानक आलेला नव्हता. मे महिन्यातच दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा हलायला लागला होता. आज दोन, चार दिवसांनी पाच. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, दुपारी पंख्याखाली बसवत नव्हतं, म्हणून मी सगळा दोष उन्हाला दिला. सर्व्हरच्या खोलीबाहेर, वाऱ्याच्या तोंडाशी दुसरा कूलर लावला. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे हे. कूलरमध्ये बादली ओतताना अजून हात आखडतो, तरी रोज ओतत राहिले. जूनमध्ये पाऊस पडला, हवा गार झाली, आणि आकडा वाढतच राहिला. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

गूगलच्या सर्व्हरांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात साधारण तीनपैकी एका मशीनमध्ये निदान एक तरी दुरुस्त होणारी चूक दिसली होती. तापमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. मेमरीच्या ज्या स्टिकमध्ये चुका दिसल्या तिच्यातच पुढं आणखी दिसण्याचा संभव कितीतरी जास्त, हेही त्यातून समोर आलं. थोडक्यात, बहुतेक वेळा खोट त्या स्टिकमध्येच असते. हे मी कॉलेजात असतानाच वाचलं होतं, आणि ऐन उन्हाळ्यात विसरले.

आता कर्नलकडं येते. मेमरी कंट्रोलरची एक गस्त असते. कुणी मागो न मागो, तो सावकाश सगळी मेमरी फिरून तपासत राहतो. दुरुस्त न होणारी चूक गस्तीत सापडली किंवा एखादा प्रोग्रॅम वाचायला गेल्यावर उघडी पडली, की प्रोसेसर कर्नलला वर्दी देतो. तिला मशीन चेक म्हणतात. पूर्वी अशी वर्दी आली की बहुधा सगळं मशीनच थांबायचं, कर्नल पॅनिक. आमच्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीत हे बदललं २.६.३२ या आवृत्तीपासून, डिसेंबर २००९ मध्ये. अँडी क्लीन आणि फेंगग्वांग वू यांनी लिहिलेल्या त्या भागाचं नाव एचडब्ल्यूपॉइझन. प्रोसेसरचीही साथ लागते, घरच्या साध्या संगणकात ही सोय नसते.

वर्दी आल्यावर कर्नल आधी एकच चौकशी करतो: हे पान कुणाचं? पान मोकळं असेल तर प्रश्नच मिटला, ते वाटपातून काढून टाकायचं. डिस्कवरच्या फाइलची न बदललेली नक्कल असेल तर ती फेकायची, लागेल तेव्हा डिस्कवरून पुन्हा वाचायची. कुणाला पत्ताही लागत नाही. फाइलमध्ये बदल झालेत पण ते अजून डिस्कवर उतरले नाहीत, अशा वेळी नुकसान खरं असतं. मग कर्नल त्या फाइलवर खूण करून ठेवतो, आणि ती डिस्कवर पक्की करायला येणाऱ्या प्रोग्रॅमला "लिहिता आलं नाही" असं स्पष्ट सांगतो. पान एखाद्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीचं असेल तर त्याची दुसरी प्रत कुठंच नसते. ते त्या प्रोसेसच्या नकाशातून काढलं जातं आणि तिथं हात लावणाऱ्याला सिगबस हा सिग्नल मिळतो. सिग्नलसोबत बिघडलेला पत्ताही येतो. जाणकार प्रोग्रॅम त्यावरून सावरू शकतो, बाकीचे तिथंच संपतात. आणि पान खुद्द कर्नलच्या कामाचं निघालं तर बहुतेक वेळा उपाय नसतो. ज्याच्यावर उभं राहून निर्णय घ्यायचा तीच जमीन खचलेली असते.

आमचं पान पोस्टग्रेसच्या सामायिक मेमरीचं होतं, जी त्याच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात. तो डेटाबेस एक प्रोसेस अशी मेली की बाकीच्यांवरही विश्वास ठेवत नाही. सगळ्या बंद करतो, मेमरी नव्यानं मांडतो आणि मग उठतो. मुनीमकाकांची पट्टी अडकली ती त्या तेवढ्या वेळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. आदल्या दिवशीच्या काट्याच्या पावत्या तारेला ओवलेल्या होत्या. ते एकेक पावती वाचत गेले, मी स्क्रीनवर टिकली मारत गेले. बाहेर हमालांची पोती पाठीवरून उतरत होती, आत सगळ्या कागदावर सोयाबीनची बारीक धूळ बसलेली, बोट फिरवलं की रेघ उमटावी अशी. मध्येच काका थांबले.

"म्हंजे ताई, पान फाडून टाकलं का त्यानं?"

"फाडलं नाही काका, चिकटवून बंद केलं. पुन्हा त्यावर कुणी लिहू नये म्हणून."

"आन् त्यावर जे लिवलेलं होतं?"

"ते आधीच दुसरीकडं लिहिलेलं होतं. ओळीनं, जसं घडलं तसं."

काकांनी चष्मा वर केला. "मंग कीर्द म्हणा की. खतावणीचं पान उंदरानं खाल्लं तरी कीर्दीवरून उतरवता येतंय. कीर्द शाबूत पायजे."

कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची ओळीनं नोंद, खतावणी म्हणजे तिच्यावरून खात्यांवार उतरवलेला हिशेब. मी आजवर कितीतरी पोरांना राइट-अहेड लॉग शिकवलाय, इतकं नेमकं मला सांगता आलं नव्हतं. पोस्टग्रेस हेच करतो. व्यवहार पक्का झाला असं म्हणण्याआधी तो त्या लॉगमध्ये, डिस्कवर उतरलेला असतो. टेबलांची पानं सवडीनं लिहिली जातात. उठताना तो शेवटच्या पक्क्या खुणेपासून कीर्द वाचत येतो आणि खतावणी पुन्हा भरतो. आमच्या सगळ्या पावत्या जुळल्या. एकही कमी नाही, एकाही रकमेत फरक नाही.

कर्नल याबाबतीत कायम निर्दोष होता असं नाही. फक्त मेमरीत राहणाऱ्या सामायिक पानांसाठी, ज्यांना शेअर्ड मेमरी म्हणतात, त्यात बरीच वर्षं एक वाईट उणीव होती. खराब पान काढून टाकल्यावर ती जागा रिकामी समजली जायची, आणि नंतर नव्यानं वाचणाऱ्याला तिथं नुसती शून्यं मिळायची. इशारा नाही, सिग्नल नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या ५.१६ पासून ते पान जागेवरच विषारी म्हणून ठेवलं जातं, वाचायला जाणाऱ्याला चूकच मिळते. आमच्या सर्व्हरवर ६.१ आहे. त्या रात्री जेवायला बसण्याआधी मी आवृत्ती दोनदा तपासली.

रविवारी यार्डाला सुट्टी असते. सर्व्हर बंद करून झाकण काढलं, ज्या खाचेवर सगळे आकडे बोट दाखवत होते तिथली स्टिक काढली, तिच्यावर तारीख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि नवी बसवली. रासडीमनही लावलं, मेमरीच्या चुकांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर. एकाच पानावर दुरुस्त होणाऱ्या चुका वारंवार दिसल्या की ते कर्नलला सांगतं. कर्नल त्या पानावरचं सगळं दुसऱ्या पानावर हलवतो आणि जुनं कायमचं बाजूला काढतो. पान धड असतानाच हे होत असल्यामुळं कुठलीच प्रोसेस मरत नाही. मे महिन्यातच हे लावलं असतं तर काकांच्या समोरच्या त्या लोकांना थांबावं लागलं नसतं.

त्यानंतर एक उन्हाळा येऊन गेला. पारा पुन्हा त्रेचाळीसला टेकला. दुसरा कूलर मी लावला नाही. दर शनिवारी आकडा बघते, शून्य आहे.