वरचं दूध देताना अंगावरचं कसं वाढवायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बाळंतिणीला दूध कमी पडलं की आळिवाची खीर नि डिंकाचे लाडू सुरू होतात. खाऊ द्या की. पण दूध वाढतं ते छाती रिकामी झाल्यानं. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच वरचं, आणि नंतर १०-१५ मिनिटं पंपानं किंवा हातानं दूध काढा. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. रात्री बाटली सासूबाईंच्या हाती देऊन पाजणं चुकवू नका. दूध तयार करणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्रीच जास्त असतं.

वरचं पावडरचं दूध करताना आधी पाणी, मग पावडर. बऱ्याच डब्यांवर ३० मिलिला एक सपाट चमचा असतो, तरी आपला डबा वाचा. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच मिसळा. कोमट झालं की पाजा. डबा पुरवायला पातळ केलं तर पोट भरतं, वजन वाढत नाही. उष्टं उरलेलं फेकाच.

बाटलीपेक्षा आपलं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, बरं. बाटलीतून दूध सहज येतं, मग बाळ छातीशी रडतं. मात्र बोंडलंही दर वेळी उकळा.

पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले आणि काट्यावर दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ दिसली, तरच डॉक्टरांना विचारून वरचं थोडं थोडं कमी करा. बाळ सुस्त वाटलं तर थांबू नका, लगेच दाखवा.