सोमवारचं भरीत

माझी गाडी जळगाव स्टेशनवर लागते. बावीस वर्षं झाली, अजिंठ्याच्या फेऱ्या मारतोय. फॉरेनच्या पाहुण्यांचं काय खायचं-प्यायचं ते मुंबईचा एजंट फोनवरच ठरवून टाकतो. जपानी असले तर, "मसाला अजिबात नको. साधा भात, उकडलेल्या भाज्या, केळी." केळ्यांचं ठीक आहे, जळगावात केळ्याला कोण नाही म्हणणार? बाकीचं मीही इतकी वर्षं मान डोलावून करत आलो.

डिसेंबर होता, चंपाषष्ठी होऊन गेलेली. सत्तरीच्या आसपासचं एक जपानी जोडपं पहाटेच्या गाडीनं उतरलं. बाईंना बऱ्यापैकी इंग्रजी येत होतं, माझं धकवण्यापुरतं. कागद बघितला आणि कपाळावर हात मारला. लेण्यांची तारीख सोमवारची! अजिंठा सोमवारी बंद असतो हे स्टेशनवरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. एजंटला फोन लावला तर, "मॅनेज करा ना."

आता काय मॅनेज करणार? हॉटेलात दिवसभर टीव्ही बघत बसवायचं का? आसोद्याला माझ्या मावशीच्या मळ्यात त्या दिवशी भरीत होतं. गाव जवळच, बहिणाबाईंचं माहेर. म्हटलं, चला.

पोचलो तेव्हा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ नुकता बसत होता. आमची भरिताची वांगी तुमच्या बाजारातल्या जांभळ्या वांग्यांसारखी नसतात. हिरवी-पांढरी, हातभर लांब, आत बी नावालाच. २०१६ साली त्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून मावसभाऊ पाहुणा आला की आधी तेच सांगतो. वांगी जाळात टाकली, साल काळी पडून फुटायला लागली, बुडाशी रस फसफसला. म्हातारबाबा उकिडवे बसून बघत होते. मावशीनं एक बाहेर ओढलं, देठाला धरून चर्रकन साल सोलली आणि आतला तो ओला, धुरकट गर दिसला. बाबा एकदम बोलले, "याकी नासु!"

बाईंनी समजावलं. वांगं त्यांच्याकडेही असंच भाजतात, असंच सोलतात. वर किसलेलं आलं आणि सोया सॉस, झालं. आम्ही वांग्यात मिरची-लसूण ठेचायला पळतो, ते तिथंच थांबतात. बाबांनी आलं मागितलं. चहासाठीचं आलं घरात होतंच. मग त्यांनी पिशवीतून सोया सॉसच्या चार पुड्या काढल्या. मला हसू आलं. आपली मंडळी राजस्थानला नेली की पहिल्या दिवशी हौसेनं दाल-बाटी मागवतात (बट्टी आपल्या घरी होतेच, तरी), आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, निघतात.

मावशीनं चव घेतली. "मीठ लय झालं बाप्पा." पण दुसरा घास घेतला.

मावसभावाला राहवेना. "विचार ना, रोज कच्चा मासा खाता का?" मी विचारलं. बाबा नागानोचे निघाले. सगळा डोंगराळ मुलुख, समुद्र नाही. सुशी म्हणजे कधीतरी, पाहुणे आले तर. रोज काय खाता? भात, सोयाबीनचं सूप, लोणचं. आणि आठवड्यातून एकदा तरी करी-भात. जपानात करी इंग्रजांकडून गेली म्हणे, आता शाळेतल्या पोरांच्या जेवणातही असते. म्हणजे एजंट ज्याला मसाला नको सांगत होता, तो माणूस घरी दर आठवड्याला मसाल्याचा रस्सा ओरपत होता.

मग बाई हळूच म्हणाल्या, शरदातलं वांगं सुनेला खाऊ देऊ नये अशी त्यांच्याकडे म्हण आहे. मी मावशीला सांगितलं. तिनं चुलीपाशी पुऱ्या तळणाऱ्या सुनेकडे बघितलं. "ऐकलं का व? मी तर देते."

तोवर भरीत ठेचून झालं होतं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वर मूठभर कांद्याची पात आणि तेल. सोबत कळण्याच्या पुऱ्या, ज्वारी-उडदाच्या. "खाय व माय, लाजू नको," मावशी बाईंना मराठीतच सांगत होती आणि त्यांना कळतही होतं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसलं, परत वाढून घेतलं. मी मात्र भरीत चवीपुरतं घेऊन पुऱ्यांवर भागवलं. खानदेशी माणूस म्हणजे तर्री पिणारा, असं पुण्या-मुंबईला वाटतं. मला चार वर्षांपासून पित्ताची गोळी चालू आहे. तरी रात्री व्हायचं ते झालंच.

एजंटचा संध्याकाळी फोन. "गेस्टनं काय खाल्लं?"

"केळी," मी म्हटलं. खोटं नव्हतं, निघताना दोन-दोन खाल्ली होती.

मंगळवारी लेण्या झाल्या आणि फर्दापूरला जेवायला बसलो. बाबांनी मेनूकार्डावरच्या फोटोवर बोट ठेवून शेवभाजी मागवली. मी दहीभात. वेटरनं दोन्ही आणलं, एकदा आमच्या तोंडांकडे बघितलं, आणि लालभडक वाटी माझ्यापुढे, दहीभात बाबांपुढे ठेवून निघून गेला. आम्ही मुकाट्यानं ताटं बदलली.