नांदुरीच्या घाटात दाते संपले

सप्तशृंगी गडाच्या घाटात चौथ्या की पाचव्या वळणावर मी सायकलीच्या गिअरची उजव्या हाताची मोठी पट्टी आत ढकलली. काही झालं नाही. पुन्हा ढकलली. मान वाकवून मागं बघितलं तर चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर आधीच जाऊन बसलेली. म्हणजे याहून हलका गिअर सायकलीत नाही. असलाच तर मांडीत.

मांडीत तर नव्हताच.

दिवाळीनंतरचा रविवार होता. मी आणि अण्णा पहाटे पाचला पंचवटीतून निघालो होतो. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, वय ६१. त्यांची सायकल म्हणजे सरळ हँडलची जुनी हायब्रिड, मागं कॅरिअर, कॅरिअरला बांधलेली कापडी पिशवी. माझी रोड बाइक, सेकंडहँड पण देखणी. आधीचा मालक शर्यतीवाला. पुढं पॅडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या चेनरिंग, मागच्या चाकाला ११ ते २८ दात्यांच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट. घेताना मी रंग बघितला, वजन बघितलं, बोटानं टिचकी मारून फ्रेमचा आवाजही ऐकला. दाते मोजले नाहीत. सातपूरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं गिअर कापण्याच्या शॉपमध्ये काढलेल्या माणसानं हे सांगावं म्हणजे थोडी लाजच आहे.

म्हसरूळ गेलं, चांभार लेण्यांचा डोंगर अंधारातच मागं पडला. दिंडोरीत पहिला चहा. तिथून पुढं दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, कुठं फवारणीचा ट्रॅक्टर घरघरतोय, कुठं टोमॅटोच्या क्रेटनी शिगोशीग भरलेली पिकअप अंगावरून जातेय. ओझरखेड धरणाचं पाणी दिसायला लागलं तेव्हा मागून पाच-सहा पोरांचा जथा आला. एकसारख्या जर्सी, सगळ्यांच्या पायात पॅडलला अडकणारे क्लीटचे बूट. वणीपर्यंत मी त्यांच्या मागं चिकटलो. पुढची मोठी चेनरिंग, ताशी बत्तीस-तेहतीस. वारा ते कापत होते आणि मी आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतो. वणीला वळून बघितलं तर अण्णांचा पत्ता नाही. दहा मिनिटांनी आले, पिशवीतून केळं काढून हातावर ठेवलं आणि म्हणाले, "काय भो, गड पुढं आहे, माहितीय ना?"

माहीत होतं. लहानपणापासून एसटीनं किती वेळा गेलोय. पण एसटीत बसून घाटाचा चढ कळत नाही, फक्त पोटात कळतो.

नांदुरीहून गडापर्यंतचा घाट साधारण दहा किलोमीटरचा. सरासरी काढली तर भयंकर नाही. खोड अशी की तो सरासरीनं चढत नाही. थोडा सैल सोडतो, मग एखाद्या वळणाच्या पोटात एकदम उभा राहतो. तिथं माझ्या मीटरवर आठ, नऊ असे टक्के दिसत होते. बाहेरच्या अंगानं वळण घेतलं तर चढ थोडा पसरतो, पण समोरून गडावरून उतरणारी क्रूझर येत असेल तर ती चैन परवडत नाही. पाय मिनिटाला पन्नासच्या आसपास फिरत होते. फिरत होते म्हणजे एकेक पॅडल दाबून खाली ढकलावं लागत होतं. उजव्या गुडघ्याच्या वाटीमागं काहीतरी बारीक टोचायला लागलं.

मार्कंड्या समोर आला तेव्हा मी उतरलो. फोटोसाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं तर फोटो काढण्यासारखंच होतं. मार्कंड्या, त्याच्या पलीकडं रावळ्या-जावळ्या आणि लांबवर धोडपचा तो ओळखीचा माथा, सातमाळेची रांग सकाळच्या धुरकट उन्हात उभी होती. फोन खिशातून काढेपर्यंत मागून अण्णा आले. त्यांचे पाय शिलाई मशीनवर बसल्यासारखे भरभर फिरत होते आणि वेग बघाल तर फार नाही. कपाळावर घाम होता, पण तोंड मिटलेलं. नाकानं श्वास! थांबले नाहीत. हात हलवला आणि वळणाआड गेले.

पोरांचा जथा? त्यातले दोघं पुढच्या वळणावर सायकली हातात धरून चालताना दिसले. माणूस किती कोत्या मनाचा असतो बघा, मला बरं वाटलं.

दर्शन घेतलं. साडेतीन शक्तिपीठांतलं हे अर्धं पीठ, पण त्या दिवशी पायऱ्या काही अर्ध्या वाटल्या नाहीत. २०१८ मध्ये सुरू झालेल्या फनिक्युलर ट्रॉलीकडं दोनदा बघितलं, मग अण्णा आधीच चढायला लागलेले दिसले.

खाली नांदुरीला भजी घेतली, आणि तिथं अण्णांनी माझी शाळा घेतली. भज्यांच्या कागदाचा कोरडा कोपरा फाडला, खिशातलं पेन काढलं. प्रेसमधल्या माणसाचं अक्षर, आकडे छापल्यासारखे.

"तुझ्या चाकाचा घेर किती? दोन मीटर दहा धर. पुढं ३४, मागं २८. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जाते अडीच मीटरच्या थोडी वर. मिनिटाला ८० फेरे मारायचे तर वेग पाहिजे ताशी बारा. आठ टक्क्यांच्या चढावर बारानं जाशील?"

यातला पुढचा हिशेब मी घरी येऊन पूर्ण केला. मी, सायकल, बाटल्या, पंप, ट्यूब सगळं मिळून ८८ किलो. आठ टक्क्यांवर ताशी बारानं चढायचं तर सुमारे अडीचशे वॅट लागतात. सकाळी ताजा असताना मी ते दहा मिनिटं देईन, मग बसेन. साठ किलोमीटर मारून झाल्यावर माझ्यात टिकाऊ असे दीडशे-पावणेदोनशे वॅट उरतात. १६५ धरले तर वेग येतो ताशी आठ. ताशी आठला ३४-२८ वर पाय फिरतात मिनिटाला ५२ वेळा. मागं २८ ऐवजी ३४ ची चकती असती तर ६३ वेळा. वेग तोच, काम तेच, पण प्रत्येक दाबाचा जोर अठरा टक्क्यांनी कमी. आणि अण्णांची हायब्रिड? तिला पुढं तीन चेनरिंग, ४८-३८-२८, आणि मागं ३२. त्याच वेगाला त्यांचे पाय ७२ वेळा फिरतात. शिलाई मशीन ती हीच.

गिअरनं ताकद वाढत नाही, हे मला शॉपमध्ये रोज दिसतं. ताकद कोणत्या मापानं खर्च करायची एवढंच तो ठरवतो. तरी सायकलीच्या बाबतीत मी, आणि माझ्यासारखे बरेच जण, मागच्या मोठ्या चकतीकडं म्हातारपणाची काठी असल्यासारखं बघतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची शर्यत पार केली, त्यानंतर आमच्या ओळखीत ज्यानं त्यानं रोड बाइक घेतली, आणि घेताना बहुतेकांनी बघितलं ते शर्यतीवाल्यांच्या सायकलीकडं. शर्यतीवाल्यांची खोड जुनीच म्हणा. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला, परवानगीच नव्हती. चढ आला की खाली उतरायचं, मागचं चाक काढून उलटं बसवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवायची.

आपल्याकडं मात्र चढाला मदत घ्यावी लागते ही गोष्ट रेल्वेनं कधीच मान्य केलीय. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीला सुटतात. तो चढ ३७ ला १, म्हणजे पावणेतीन टक्केसुद्धा नाही. मुख्य इंजिनाला त्यात कमीपणा वाटल्याचं ऐकिवात नाही. मी अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग लाव ना बँकर. दिवसभर नाही लागत तो. पण कसाऱ्याला लागतो म्हणजे लागतो."

लावायचं ठरलं. नशिबानं मागचा डिरेलर शिमानोच्या १०५ मालिकेतला जीएस, म्हणजे मध्यम लांबीच्या केजचा (चेन ताणून धरणाऱ्या हाताचा) निघाला. तो ३४ दात्यांपर्यंत झेपवतो. आखूड केजचा असता तर तो ३० पर्यंतच, मग डिरेलरही बदलावा लागला असता. केजला किती ढिली चेन गुंडाळता येते याचाही हिशेब असतो: पुढचा फरक १६ (५० वजा ३४), मागचा २३ (३४ वजा ११), बेरीज ३९. जीएसची मर्यादा नेमकी ३९. काठावर पास.

कॅसेट एका दुकानात बसवून घेतली. नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीही होती. ११-३४ ची ही कॅसेट रोड बाइकच्या मागच्या चाकाच्या ११ स्पीड हबवर बसवताना मागं १.८५ मिलिमीटरची एक पातळ रिंग घालावी लागते. ती डब्यातच येते. दुकानातल्या पोरानं ती घातली नाही आणि मी चहा पीत मोबाइल बघत बसलो. घरी आलो तर सगळी कॅसेट हाताला डुगडुगतेय! डब्यात रिंग तशीच. दुसऱ्या दिवशी शॉपमधून येताना लॉकरिंगचा पाना घेऊन आलो आणि स्वतःच खोलून बसवली.

मग सायकल स्टँडवर चढवून पुढं ५०, मागं ३४ असा गिअर टाकून बघितला. हा गिअर कोणी मुद्दाम वापरत नाही, पण दमलेला माणूस चुकून टाकतोच. डिरेलर ताणून जवळजवळ सरळ झाला. २८ च्या मापानं कापलेली चेन ३४ ला पुरत नव्हती. रस्त्यावर हे झालं असतं तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर तुटून डिरेलर आऱ्यांत गेला असता. नवी चेन आणली, मोठ्यावर मोठं गुंडाळून माप घेतलं आणि मगच तोडली. डिरेलरच्या वरच्या छोट्या चाकाचं (जॉकी व्हीलचं) आणि मोठ्या चकतीचं अंतर बी-स्क्रूनं वाढवलं, तेव्हा ती खरखर थांबली.

जानेवारीत पुन्हा गड. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या आदल्या दिवशी पेपरात होत्या, त्यामुळं दोन हातमोजे एकावर एक. या वेळी दिंडोरीच्या पुढं सपाटीवर नव्या कॅसेटची दुसरी बाजू कळली. जुनीत खालच्या चकत्या ११, १२, १३, १४, १५ अशा एकेक दात्यानं चढत्या. हिच्यात ११, १३, १५, १७. समोरून वारा होता, १३ वर पाय जड, १५ वर उगाच भिरभिर. मधला १४ पाहिजे होता आणि तो नव्हताच. फुकट काही मिळत नाही. रोज गंगापूर रोडला सकाळी तासभर घोळक्यात पळवणाऱ्यानं ही कॅसेट घेऊ नये, वैतागेल. त्याला ११-२८ च बरी, फार तर ११-३०. पण ज्याला गड, सापुतारा, त्र्यंबकवरून जव्हार असे रस्ते आणि साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायची ब्रेव्हे करायची आहे, त्याची गाडी या १४ वाचून अडत नाही. गुडघ्यावाचून अडते. उताराची काळजी करणाऱ्यांनाही सांगतो, ५०-११ वर मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी पन्नासच्या वर जातो. घाटात त्या वेगाला मी पॅडल मारत नाही, ब्रेक मारतो.

पोरांचे जथे या वेळीही भेटले. जाऊ दिले.

नांदुरीला थांबलोच नाही. घाट लागताच पुढची छोटी चेनरिंग टाकली, मागं २७ वर सुरुवात केली. मग ३०. शेवटची चकती पहिली दोन किलोमीटर हातही न लावता शिल्लक ठेवली, खिशात शंभराची नोट राखून ठेवावी तशी. मागच्या वेळच्या त्याच वळणाच्या पोटात ती टाकली. खट् आवाज झाला, चेन वर चढली आणि पायाखालचा भार एकदम हलका. ताशी साडेसात. कोणी बाजूनं पळत गेला असता तर सहज पुढं गेला असता. पण श्वास सापडला, गुडघ्याची वाटी गप्प राहिली, आणि मार्कंड्या समोर आला तेव्हा मी सायकलीवर बसूनच त्याच्याकडं बघितलं.

अण्णा पुढंच होते, साधारण पन्नास पावलांवर. ते अंतर वरपर्यंत तुटलं नाही. शेवटच्या चढाला मी सवयीनं पुन्हा उजवी पट्टी आत ढकलली. काही झालं नाही.

वर पोचलो तेव्हा अण्णांनी पिशवीतून केळं काढलं, माझ्या क्रँककडं बघितलं आणि म्हणाले, "पुढं ४६-३० मिळते म्हणतात आता."