बाईंच्या हातचा

आमच्या घरी ताप आलेल्या माणसाला आपला ताप किती, ते कधीच कळत नसे. आजी थर्मामीटर झटकायची (मनगटाचा असा हिसका, की पारा घाबरूनच खाली उतरत असावा), काखेत लावायची, काढून खिडकीकडे तिरका धरायची आणि "बरं" म्हणून निघून जायची. आकडा जायचा तो थेट स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. एकाच चौकोनात चतुर्थीचा चंद्रोदय, दूध दीड लिटर, सिलिंडर लावला आणि कोपऱ्यात १०१.२. रोग्याला ताप सांगितला की तो वाढतो, असं तिचं ठाम मत. उतार पडलाय की नाही, हे आम्ही ताटावरून ओळखायचो. पेज आली की शंभराच्या वर. मऊ भात आणि मेतकूट आलं की उद्या शाळा.

आजाऱ्याचे लाड तिच्या कोष्टकात नव्हते. "बरं वाटतंय का?" असं तिनं कधी विचारलं नाही. विचारायची, "लघवी झाली का? कितीदा? रंग कसा होता?" आणि तेही पाहुण्यांदेखत. वर चादर अशी ताणून गादीखाली खोचलेली, की कूस बदलायची चोरी.

एक गोष्ट मात्र आम्हाला नक्की लाडाची वाटायची. आजी हात धरून बसायची. नाडी बघायला अर्धं मिनिट पुरतं, पण घड्याळ बघून झालं तरी तिची तीन बोटं मनगटावर तशीच असायची. मोठेपणी मी हे तिला बोलून दाखवलं, जरा गहिवरूनच. तर म्हणाली, "अगं, श्वास मोजत होते. आपला श्वास कुणी मोजतंय हे रोग्याला कळलं की तो वेगळाच घ्यायला लागतो. म्हणून नाडी झाली तरी हात सोडायचा नाही, नजर छातीवर ठेवायची. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

झालं! माझा गहिवर पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात निघाला.

नव्वदीला टेकल्यावर तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा वॉर्डातली एक कोवळी सिस्टर तिचा हात धरून उभी राहिली. आजी म्हणाली, "नाडी झाली ना तुझी? आता श्वास मोजतेयस. मला ठाऊक आहे, म्हणजे तो खोटाच येणार. मी झोपले की ये." ती पोर लाजली, पण रात्री खरंच परत आली. आजी जागीच होती. तिला नीट मोजता यावं म्हणून डोळे मिटून पडून राहिली.

आजी शिकली मिरजेला. मिरजेची ख्याती सतारींची आणि दवाखान्यांची. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढे पंचक्रोशीतले रोगी मिरजेची वाट धरू लागले. १९५०च्या दशकात सातवी पास झालेली मुलगी नर्सिंगला पाठवायची, म्हणजे भावकीनं नावं ठेवायला मोकळं व्हायचं. परपुरुषाचं अंग पुसणार, रात्रपाळी करणार, हिच्याशी लग्न कोण करणार? लग्न केलं ते आमच्या आजोबांनी, आणि जन्मभर खोचलेल्या चादरीत झोपले.

मग सरकारी नोकरी, पाटण तालुक्यात. एसटी जिथं संपते तिथून पुढे तिची हद्द सुरू व्हायची. देवी टोचायला वाड्यावस्त्यांवर पायी जायची. दोन टोकांची ती बारीक सुई, दंडावर पंधरा टोचे. भिंतीभिंतीवर रंगवलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. देश १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला, पण आमच्या घरात कुणाच्या तोंडावर पुटकुळी उठली की आजी चष्मा लावून निरखायची आणि म्हणायची, "नाही रे, हजार काही मिळत नाहीत."

तेव्हा सुया फेकायच्या नसत. सिरिंज काचेची. सुईत बारीक तार घालून ती साफ करायची, मग दोन्ही उकळायच्या. टोक बोथट झालं की दगडावर घासायचं आणि कापसावरून हलकेच ओढून बघायचं. कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी सुई पुन्हा दगडावर. एवढं करूनही रडणारं पोर रडायचंच, पण ते माझ्या सुईमुळे नाही, असं ती अभिमानानं सांगायची. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेबद्दल मात्र फार बोलायची नाही. कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला की एवढंच, "काचेचं काही राहिलं नव्हतं." आणि मग भाजी निवडायला घ्यायची.

बोलायची ती बाळंतपणांबद्दल. गावात नाळ विळ्यानं कापायची आणि वर राख नाहीतर शेण लावायची रीत. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते म्हणतात, आणि नेमकं त्याच सुमाराला एखाद्या बाळाचा जबडा बसायचा, दूध ओढता यायचं नाही. धनुर्वात. बोल मात्र सटवाईला. सुईणींना अडाणी म्हणून हिणवणाऱ्यांचा आजीला राग होता. "त्यांच्या हातात माझ्यापेक्षा जास्त कसब आहे, फक्त ब्लेड नाही," म्हणायची. सुईणीला नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा द्यायची, आणि ती पुडी पानाच्या चंचीतच ठेवायला लावायची. दुसरं काहीही विसरेल, चंची विसरायची नाही! २०१५ साली भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याची बातमी आली, तेव्हा ऐंशीच्या आजीनं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "यात चंचीचं काही लिहिलंय का गं?"

सटवाईवर तिचा दुसराही आक्षेप होता. ती काय लिहिते ते कुणाला वाचता येत नाही. सरकारी रजिस्टर सरकारकडे जमा व्हायचं, पण आजीची स्वतःची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची. आईचं नाव, वाडी, तारीख, वेळ, मुलगा की मुलगी, रडलं कधी. पत्रिका करायची असली की लोक या वहीसाठी यायचे, कारण शाळेच्या दाखल्यावर अख्ख्या गावाचा जन्म १ जूनचा. नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख ठोकून दिलेली.

तिच्या तेराव्याला ओळख करून देणाऱ्यांची रांग लागली होती. नाव, गाव नंतर, आधी "मी बाईंच्या हातचा." एका आजीबाईंनी तर तिघा मुलांना ओळीनं उभं करून "हे तिघंही" असं सांगितलं. जेवणं उरकल्यावर एक गृहस्थ घुटमळत राहिले. ३१ मेला सेवानिवृत्त झाले होते, दाखल्यावर अर्थातच १ जून १९६७. म्हणाले, "खरी तारीख काय ते बाईंना विचारायचं राहूनच गेलं." मी वही काढली. आईचं नाव आणि वाडी सांगितल्यावर सापडायला वेळ लागला नाही. १९ ऑगस्ट १९६७, पहाटे पावणेचार, पाऊस, लगेच रडला.

त्यांनी मोबाइलवर पानाचा फोटो काढला. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"अहो, म्हणजे गुरुजींनी माझे तीन महिने खाल्ले की! पगारी!"