चालत्या कोडला हात कशाला?

“कोड चालतोय ना? मग त्याला हात कशाला लावता?” लिनक्स कर्नेलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एनएफएसच्या (नेटवर्क फाइल सिस्टिमच्या) फायलीत लिहिण्याच्या कोडवर काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. इंटरव्ह्यूला आलेली मुलं विचारतात, मॅनेजर विचारतात, घरचेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

एनएफएसमुळे दुसऱ्या मशीनवरच्या फायली आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या वापरता येतात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४च्या सुमारास ते बनवलं. प्रोग्रामने फायलीत काही लिहिलं की कर्नेल ते बाइट मेमरीतल्या पेजमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या कप्प्यात, उतरवून घेतो आणि बहुतेक वेळा लगेच ‘झालं’ म्हणून कळवतो. सर्व्हरला तेव्हा काहीच माहीत नसतं. प्रोग्राम निर्धास्त होऊन पुढे जातो आणि त्या बाइटची सगळी जबाबदारी कर्नेलवर येते. सर्व्हरची डिस्क भरलेली असेल तर ती चूक प्रोग्रामला बहुधा नंतर, एफसिंकच्या (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबायच्या) किंवा क्लोजच्या (फाइल बंद करायच्या) वेळी कळते. म्हणून कर्नेलने ती तोवर जपून ठेवायची असते.

एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरने डेटा डिस्कवर पोचवल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही असा नियम होता, आणि एका खेपेला ८१९२ बाइटच जात. सुरक्षित, पण फार संथ. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व्हरला ‘मिळालं, अजून मेमरीतच आहे’ असं म्हणायची मुभा दिली. नंतर क्लायंटने, म्हणजे फाइल वापरणाऱ्या मशीनने, कमिट नावाची विनंती पाठवायची, तेव्हा सर्व्हर ते डिस्कवर नेणार. सोबत ८ बाइटची एक खूण येते. लिहितानाची आणि कमिटच्या उत्तरातली खूण जुळली नाही तर सर्व्हर मधेच रीस्टार्ट झाला असं समजायचं आणि कमिट न झालेलं सगळं पुन्हा पाठवायचं. त्यामुळे ‘मिळालं’ ऐकूनही क्लायंटला आपल्याकडची प्रत टाकून देता येत नाही. या कोडची बरीचशी गुंतागुंत इथून सुरू होते.

आता हात लावण्याबद्दल. लिनक्समध्ये सर्व्हरकडे जायच्या अशा प्रत्येक विनंतीसाठी एनएफएस_पेज नावाचं एक स्ट्रक्चर (माहिती ठेवायचा साचा) असतं. अनेक वर्षं त्यामागे एक गृहीतक होतं: एका पेजची एकच विनंती. ते एका जागी लिहून ठेवलेलं नव्हतं, कोडभर पसरलेलं होतं. कोणी पेज अनलॉक करताना, म्हणजे इतरांना वापरायला मोकळं करताना, ते धरून चालत होतं, कोणी चूक नोंदवताना. शिवाय वाचायचा आणि लिहायचा कोड जवळजवळ जुळा होता, तरी दोन फायलींत वेगळा नांदत होता. सगळं चालत होतं.

२०१०मध्ये एनएफएसच्या ४.१ आवृत्तीबरोबर पीएनएफएस (पॅरलल एनएफएस) आलं. एकाच फायलीचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर राहू लागले. आता तुकड्याची हद्द पेजच्या मध्यावर पडली तर? अर्धे बाइट एका सर्व्हरला, अर्धे दुसऱ्याला, म्हणजे एका पेजच्या दोन विनंत्या. जुन्या कोडची एक ओळही बदललेली नव्हती, पण त्याच्या पायाखालची जमीन बदलली होती.

यावरचं मोठं काम २०१४च्या ३.१६ कर्नेलमध्ये गेलं. त्यातला एक पॅच (कोडमधला एक सुटा बदल) मी नव्या मुलांना नेहमी दाखवते. पीजी_टेस्ट नावाचं फंक्शन ‘ही विनंती आधीच्या विनंत्यांबरोबर पाठवता येईल का’ याचं हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं. पॅचने ते उत्तर ‘किती बाइट पाठवता येतील’ असं केलं. मात्र त्या पॅचपुरतं ते एकतर विनंतीचे सगळे बाइट सांगायचं किंवा शून्य. वागणं तसूभरही बदललं नाही. फक्त मधल्या आकड्यांना जागा झाली, आणि पुढच्या पॅचेसनी त्या जागेत विनंतीचे तुकडे पाडायची सोय बसवली. माझ्या लेखी उत्तम रिफॅक्टरिंग (वागणं न बदलता कोडची रचना बदलणं) ते हेच.

मग एका पेजच्या सगळ्या विनंत्या एका गटात गुंफल्या गेल्या. ‘पेजचं लिहिणं संपलं’ ही खूण गटातली शेवटची विनंती पोचल्यावरच लागते. हे चुकलं तर काय होईल बघा. पहिल्या तुकड्याचं उत्तर येताच पेज मोकळं झालं, एफसिंक यशस्वी म्हणून परतलं आणि दुसरा तुकडा वाटेत असतानाच मशीन बंद पडलं. डेटाबेसने ग्राहकाला ‘व्यवहार नोंदवला’ असं सांगितलेलं असतं आणि त्याचे बाइट कुठेच नसतात. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. फाइल उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मला या कामाची काळजी वाटते ती यामुळे.

अजून एक अडचण बाहेरून दिसत नाही. मेमरी कमी पडली की कर्नेल ही न लिहिलेली पेजेस सर्व्हरकडे पाठवून जागा मोकळी करायला बघतो, पण पाठवायलाही थोडी मेमरी लागतेच. कोड नीटनेटका करताना कोणी या वाटेवर साधंसं मेमरीचं मागणं घातलं तर ते मागणंच पेजेस लिहून होण्याची वाट बघत बसू शकतं. मशीन जागच्या जागी अडकतं. डेव्हलपरच्या भरपूर मेमरीच्या लॅपटॉपवर ते कधीच दिसणार नाही.

म्हणून चाचणी घेताना एफएसएक्ससारखं फाइल सिस्टिम तपासणारं हत्यार वेड्यावाकड्या क्रमाने लिहायला, छाटायला आणि पडताळायला लावतो. लिहिणं चालू असताना सर्व्हर रीस्टार्ट करतो, डिस्क भरतो, नेटवर्क तोडतो. मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नेल बिल्ड झाला पाहिजे आणि चालला पाहिजे, नाहीतर पुढे गिट बायसेक्टने, म्हणजे जुने बदल निम्मे-निम्मे करत तपासून, दोष शोधणाऱ्याची वाट मधेच बंद होते.

हे काम २०१४मध्ये संपलं नाही. २०१७मध्ये ४.१४ कर्नेलच्या वेळी याच वाटेवरच्या लॉकांची गर्दी कमी केली गेली. अलीकडे फोलिओ (अनेक पेजेस एकत्र धरणारं एकक) आले आणि कॅशचं (मेमरीतल्या प्रतींचं) एकक एका पेजपुरतंच असेल हे गृहीतकही सोडावं लागलं.

तरी प्रत्येक वेळी हात लावावाच असं मी म्हणत नाही. नुसती नावं बदलणारा, ‘वाचायला बरं’ एवढंच कारण देणारा पॅच या फायलीत आला तर मी विचारते, यातून कुठलं लपलेलं गृहीतक उघड झालं? आणि ज्यात नावं बदलून त्याच झटक्यात लॉकही हलवलेलं असतं, तो पॅच कितीही बरोबर दिसला तरी दोन भाग करून आणायला परत पाठवते.