येऊरच्या चढावरचे जास्तीचे तीस वॅट

मे महिन्यातली सकाळ, सहा वाजले होते. ठाण्यातल्या उपवन तलावाकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर फिरायला आलेल्यांची गर्दी अजून व्हायची होती. ४१ वर्षांच्या रायडरने सायकलच्या ताकद मोजणाऱ्या पेडलचा आकडा दाखवला. सरासरी २६३ वॅट आणि ॲपच्या प्रोफाइलमधलं वजन ६५ किलो, म्हणजे ४.०५ वॅट पर किलो. हौशी रायडरने सहा मिनिटं एवढी ताकद टिकवणं अशक्य मुळीच नाही. मला खटकलं ते घड्याळ. आकडा खरा असता तर आमचा चाचणीचा तुकडा साडेपाच मिनिटांच्या आत संपायला हवा होता. त्याला लागली होती ६ मिनिटं १० सेकंद.

हा तुकडा म्हणजे रस्त्याकडेला खडूने केलेल्या दोन खुणांमधलं १,६०० मीटर अंतर. त्यात चढाई ९० मीटर. दोन्ही बाजूंना झाडी असल्यामुळे वारा कमी लागतो, म्हणून चाचणीला ही जागा बरी. पण त्याच झाडीमुळे जीपीएसच्या उंचीवर विसंबता येत नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मीटरने तीन फेऱ्या करून सरासरी काढायची. मीटरच्या बारीक छिद्रात घाम गेला की तोही भलतंच दाखवतो. ९० मीटरमध्ये ३ मीटर चुकले तरी वॅटमध्ये जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडतो.

आधी त्याला काट्यावर उभं केलं. फक्त सायकलिंगच्या शॉर्ट्सवर वजन ६८ भरलं. ६५ हा दिवाळीच्या आधीचा आकडा, प्रोफाइलमध्ये तसाच राहून गेलेला. म्हणजे वॅटना हात न लावताच ४.०५ चे ३.८७ झाले.

मग हिशेब मांडला. वॅट पर किलोसाठी भागायचं ते शरीराच्या वजनाने, पण चढावर ओढायचं असतं सगळंच. सायकल, बाटल्या, शूज, हेल्मेट आणि कपडे मिळून ११.५ किलो, म्हणजे एकूण ७९.५. हे वजन ९० मीटर वर न्यायला ७९.५ गुणिले ९.८१ गुणिले ९०, साधारण ७०,२०० ज्यूल. टायरच्या घर्षणाचे ७,५०० आणि त्या वेगाला हवेचे ६,०००. बेरजेला ३७० सेकंदांनी भागलं की चाकापाशी २२६ वॅट येतात. चेनमध्ये तीन टक्के जातात असं धरलं तर पेडलपाशी २३३. टायरचा आणि हवेचा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं, कारण एकूण कामाचा ८४ टक्के भाग नुसत्या वजनाचा आहे. सपाट रस्त्यावर, समजा नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर, हा हिशेब साफ फसेल. तिथे जवळजवळ सगळा खेळ हवेचा असतो.

२६३ आणि २३३, फरक ३० वॅटचा. एवढी चूक माझ्या खडूच्या खुणांमध्ये बसत नव्हती.

पहिला संशय झीरो ऑफसेटवर, म्हणजे जोर नसताना पेडल नेमकं शून्य धरतं का यावर. सायकल एसी गाडीतून आली होती. पेडलच्या आतले जोर मोजणारे स्ट्रेन गेज थंड असताना झीरो केलं आणि मग उकाड्यात चढलं, तर आकडा सरकतो. म्हणून सायकल पंधरा मिनिटं बाहेर उभी ठेवली, क्रँक (पेडलचा दांडा) उभा केला, पेडलवर पाय न ठेवता झीरो केलं. फरक एक-दोन वॅटचा. चोर हा नव्हता.

क्रँकच्या आतल्या बाजूला मात्र लांबी १६५ मिलिमीटर कोरलेली होती आणि ॲपमध्ये १७२.५ भरलेलं. रायडर म्हणाला, "मी तर त्याला हातच लावला नाही." अडचण नेमकी तीच होती. नव्या पेडलमध्ये बहुतेकदा हाच आकडा आधीपासून भरलेला असतो. पेडल जोर मोजतं आणि क्रँकच्या लांबीने गुणतं, त्यामुळे साडेसात मिलिमीटरमुळे साडेचार टक्के फुकटचे मिळत होते. दुरुस्त केल्यावर २६३ चे २५२ झाले. अजून १९ वॅट शिल्लक.

दुसरी फेरी ६:१४ मध्ये झाली. पेडल म्हणे २४९, हिशेब म्हणे २३०. पुन्हा तेच आठ टक्के. चूक दर वेळी सारखीच येत असेल तर हवामान सोडून यंत्राकडे बघायचं. पेडल एका बाजूचं होतं. ते डाव्या पायाचे वॅट मोजून सरळ दुप्पट करतं. विचारल्यावर कळलं की उजव्या घोट्याचं जुनं दुखणं आहे.

हृदयाचे ठोके हे वेगळंच प्रकरण. मनगटावरचं घड्याळ पहिली तीन मिनिटं १३२ वर अडकलेलं, तेव्हा छातीचा पट्टा १६० च्या वर. हूड्स (ब्रेकच्या मुठी) घट्ट धरून मनगट वाकलं की प्रकाशाने मोजणारं घड्याळ बिचकतं. पट्टाही कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत काहीही दाखवतो, म्हणून त्वचेला टेकणारे इलेक्ट्रोड ओले करूनच बांधायचा. शेवटच्या मिनिटाचे ठोके तीन फेऱ्यांत १७१, १७६ आणि १८१, वॅट मात्र जवळपास तेवढेच. दमट हवेत घामामुळे रक्तातलं पाणी घटतं, त्वचेकडे जास्त रक्त वळतं, मग तेवढ्याच कामाला ठोके वाढतात. १८१ बघून तो घाबरला, कारण २२० वजा ४१ म्हणजे १७९. पण ते सूत्र सरासरीचं आहे. धडधाकट माणसाची कमाल त्यापेक्षा दहा ठोके वर किंवा खाली सहज असू शकते. छातीत दुखणं, चक्कर असं काही असतं तर चाचणी तिथेच थांबवली असती.

चाचणी संपल्यावर काटा ६६.६ दाखवत होता. मधे अर्धा लिटर पाणी प्यायला होता, म्हणजे घाम जवळपास १.९ लिटर. हे वजन भागाकारात घेतलं की आकडा फुकटचा दोन टक्क्यांनी फुगतो. सकाळचंच घ्यायचं.

दुपारी सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर लावली. ट्रेनर कॅसेटपाशी (मागच्या दातेरी चकत्यांपाशी), म्हणजे चेनमधलं नुकसान झाल्यावर मोजतो, म्हणून त्याने २०० दाखवले तर पेडलने २०५-२०६ दाखवायला हवेत. दाखवले २२२. मग उसनी आणलेली दोन्ही बाजूंची पेडल बसवली : डावा ५४ टक्के, उजवा ४६. डावा दुप्पट केला की १०८, म्हणजे तेच आठ टक्के.

प्रोफाइलमध्ये ६८ आणि १६५ भरले. सहा मिनिटांचे २३३ भागिले ६८, म्हणजे ३.४३ वॅट पर किलो, एवढंच लिहून दिलं. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकणारी ताकद, त्यावरून काढली नाही. त्याला वीस मिनिटांचा सलग चढ लागतो, तो माळशेज घाटात. तोवर उजवा घोटा फिजिओला दाखवून यायला सांगितलंय.